विहीणबाई कोर्सला जातात

आमच्या विहीणबाईंपेक्षा मोठ्या आवाजाचं माणूस आख्ख्या धाराशिव जिल्ह्यात कुणी दाखवावं, मी त्याच्या घरची भांडी घासायला तयार आहे. तेरखेड्याच्या फटाक्याला निदान वात तरी लावावी लागते, ह्यांना तेवढीही तसदी नको. माझ्या धाकट्या लेकाच्या लग्नात बँडवाले वाजवता वाजवता मधेच थांबले. त्यांना वाटलं नवरीची आई काहीतरी हुकूम सोडतेय. ती बाई वाढप्याला एवढंच सांगत होती की भाताला मीठ कमी आहे! पेशानं नर्स. कळंबच्या बाजूला एका गावच्या सरकारी दवाखान्यात सगळी नोकरी बाळंतपणाच्या खोलीत गेलेली. हात सोन्याचे, असं लोक म्हणायचे आणि लगेच इकडंतिकडं बघून पुढचं म्हणायचे, पण तोंड! कळा देणाऱ्या बाईसाठी त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं, "आता कशाला बोंबलतीस? आधी इचार करायचा व्हता!" ते फाट्यावर एस.टी.ची वाट बघणाऱ्या माणसालाही ऐकू यायचं आणि तो बिचारा आपलंच काही चुकलं का म्हणून खिसे चाचपायचा.

आमच्या घरी आल्या की चपला काढायच्या आधी दिसेल त्या बाईची पापणी खाली ओढून रक्त कमी आहे का ते बघायच्या. माझी ओढली, भांडीवालीची ओढली, एकदा दारात बांगड्या विकायला आलेल्या म्हातारीची ओढली. म्हातारी टोपली टाकून पळाली. "पळती बघा कशी, रक्त हाय अंगात," विहीणबाई म्हणाल्या. अशा बाईशी सोयरीक केली म्हणून मी रोज स्वतःला दोन शिव्या देत होते, आणि त्या आल्या नाहीत तर घर सुनं लागतं म्हणून आणखी दोन.

मग सुनेला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. सातव्या महिन्यात ओटी भरून झाली आणि विहीणबाई लेकीला न्यायला गाडी करून आल्या. सून काही उठेना. मी मनात फुगले, म्हटलं पोरीला सासरचा किती लळा! कसला लळा न् काय! पोरगी आईसमोर खाली मान घालून म्हणाली, "आई, आपलं क्वार्टर दवाखान्याला लागून. मी तुझं वरडणं ऐकत ऐकत शाळेचा अभ्यास केलाय. तू मला बी तसंच वरडशील. तू सोडून कुणीबी चालंल मला." त्या दिवशी मी पहिल्यांदा त्या बाईला गप्प बसलेली बघितली. ओटीचा नारळ हातात तसाच, चहा पुढ्यात तसाच. रिकामी गाडी घेऊन परत गेल्या. नातू लातूरच्या दवाखान्यात झाला. त्यांना कळवलं ते पेढे वाटून झाल्यावर.

आणि मग, आता हसावं की रडावं, बाईनं कोर्सला अर्ज केला. सरकारनं म्हणे नवीन काढलंय, की शिकलेल्या, नोंद असलेल्या नर्सेसनी वर आणखी दीड वर्ष शिकायचं आणि मिडवाइफ व्हायचं. मी म्हटलं, "विहीणबाई, निम्म्या तालुक्याची पोरं तुम्ही जन्माला घातली, आता शिकायचं काय राहिलं?" तर म्हणाल्या, "तेच बघायला चालले." डोळ्याला चष्मा, केसाला मेंदी, पाठीला दप्तर. नातू झालेली आजी पोरींच्या हॉस्टेलवर! मेसच्या आमटीवरून तिथंही भांडली असणार, पण ते तिनं मला सांगितलं नाही.

सुट्टीला यायच्या तेव्हा सोबत एक कापडी बाहुली असायची, बाळ कसं वळतं, कसं बाहेर येतं ते गिरवायला. ढोकीजवळ एस.टी.त शेजारच्या बाईला बॅगेतून बाहेर आलेला पाय दिसला आणि तिनं ह्यांची खरडपट्टी काढली, "लेकराचं तोंड तरी उघडं ठेवा की वो!" बाहुली काढून दाखवली तेव्हा सगळी बस हसली. हे सांगताना त्या स्वतःही हसल्या. मला ते लक्षण चांगलं वाटलं नाही. त्याहून वाईट म्हणजे आता प्रत्येक गोष्ट विचारून करायच्या. "विहीणबाई, तुमची पापणी बघितली तर चालंल का?" मी म्हटलं, "बघा बाई, इतकी वर्षं ओढून ओढून लांब केलीत, आता काय परवानगी मागता! गोठ्यात म्हैस गाभण हाय, तिला बी विचारून या." त्या म्हणाल्या, कोर्समध्ये हेच पहिलं शिकवतात. हात लावायच्या आधी विचारायचं, बाईला हवं तसं बसू द्यायचं, चालू द्यायचं, आणि घाई करायची नाही. माझा विश्वास बसेना. ह्या बाईनं आयुष्यात दुधालासुद्धा उतू जायला वेळ दिला नव्हता.

शिकवायला एक शबाना मॅडम होत्या, ह्यांच्या लेकीपेक्षा चार-दोन वर्षांनी मोठ्या. सरावाला मॅडम स्वतः कळा आल्याचं सोंग घेऊन पलंगावर पडल्या आणि कण्हत म्हणाल्या, "नाही जमत हो मला." आमच्या विहीणबाई जिवाच्या आकांतानं शांत उभ्या होत्या, पण इतक्या वर्षांची जीभ, ती सुटलीच, "न्हाय जमत तर आलीस कशाला हितं?" वर्ग हसून लोळला. मॅडम उठून बसल्या आणि म्हणाल्या, "मौसी, तुमचे हात पास झाले. तोंड नापास." पुन्हा सराव, पुन्हा नापास. मी फोनवर म्हटलं, "सोडा आता, या परत." तर म्हणाल्या, "पोरीला पुन्हा दिवस गेलेत ना? मग कसं सोडू?"

शेवटी पास झाल्या. सुनेनं ह्या खेपेला त्याच मॅडमच्या दवाखान्यात जायचं ठरवलं. दुपारची वेळ होती. विहीणबाई इस्त्रीचा गणवेश घालून दारात उभ्या राहिल्या आणि लेकीला म्हणाल्या, "मी आत येऊ का?" सुनेनं कळ जाईपर्यंत पलंगाची कड धरून ठेवली. मला वाटलं, आता ही नाही म्हणते. मग म्हणाली, "ये. पण बाळ मॅडम घेतील. तू डोक्याशी बस."

एवढं शिकलेली बाई निमूट जाऊन डोक्याशी बसली. मी दाराशी होते. आरडाओरडा झाला, नाही असं नाही, पण तो सगळा सुनेचा. "वारा घाल की गं! तिकडं काय बघतीस? पाणी दे! हात सोडू नको!" आईवर अशी बरसत होती की मीच दचकले. आणि ती बाई एका हातानं वारा घालत, दुसरा हात लेकीच्या मुठीत पिळवटून घेत म्हणत होती, "घालते बाई. देते बाई. न्हाय सोडत."

नात झाली. चहाच्या टपरीवर मी त्यांना सोडलं नाही. म्हटलं, "दीड वर्ष पुस्तकं घासलीत आणि बसलात कुठं, तर डोक्याशी! त्याला शिकावं लागतंय व्हय?" हाताला लेकीच्या नखांचे वळ उठले होते, ते चोळत म्हणाल्या, "मला लागलं, विहीणबाई."

उत्तर तयार होतं माझ्याकडं, माझ्याकडं कायम असतं. पण घोट घेता घेता माझी स्वतःची बाळंतपणं आठवली. सुईण पायाशी होती, चांगली होती. डोक्याशी भिंत होती. तिचा चुना एका जागी उडाला होता, आणि कळ आली की मी तिथंच बघायची.