आईसाठी धरलेली गाडी

माझं चौकात गॅरेज आहे. भुताखेतांच्या गप्पा मारणाऱ्या गिऱ्हाइकांची मी मनसोक्त टर उडवायचो. आता माझी कोणी उडवली तरी चालेल, पण हे कुठेतरी सांगायलाच हवं...

आमच्या गावामागे एक बंद स्टेशन आहे. ती फाट्याची लाईन कधीच बंद झाली, रूळसुद्धा उखडून नेले. उरलाय तो फलाट आणि गवत. गाडी तिथे आपणहून थांबत नसे. कुणाला जायचं असेल तर घरातलं एक माणूस पुढे पळायचं आणि टॉवेल वर करून गाडी धरायचं. जाणारं माणूस बोचकी घेऊन मागून यायचं. त्याला उशीर होणार असेल, तर टॉवेल खाली करून गाडी सोडून द्यायची — उगाच बाकीच्यांचा खोळंबा नको. माझी आई याच स्टेशनावर नवरी म्हणून उतरली होती.

यंदा आई अंथरुणाला खिळली. पाठीला जखमा, कूस बदलली तरी कळवळायची. डॉक्टरांनी हात टेकले होते. एका दुपारी बायको तिला पेज भरवत होती, तर आई मला म्हणाली, "गाडीची येळ झाली रं. तू फुडं जा, धर तिला. मी येते मागनं."

तिच्या समाधानासाठी गेलो. लख्ख ऊन होतं. कोणी बघत नाही ना, याची खात्री करून टॉवेल वर धरला. स्वतःचीच लाज वाटत होती. आणि फलाट थरथरला... समोरचं गवत आडवं झालं ते आडवंच राहिलं. ब्रेक तापल्याचा वास आला. त्या वासात माझी चूक व्हायची नाय, धंदाच आहे माझा. समोर काहीच दिसत नव्हतं, पण काहीतरी येऊन थांबलं होतं.

माझी जाम टरकली. हात आपोआप खाली आला. गवत हळूहळू उभं राहिलं.

धावत घरी आलो. बायको रडत होती. आईचा श्वास बंद पडला होता आणि आत्ताच परत सुरू झाला, म्हणाली. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू? मग आईने डोळे उघडले.

"सोडलीस काय रं तिला? माझा पाय पायरीवर व्हता."

त्याला आता बरेच महिने झाले. आई तशीच आहे, दिवसभर कण्हते. मला ते ऐकवत नाही. रोज दुपारी गॅरेज बंद करून मी फलाटावर जातो आणि टॉवेल धरून उभा राहतो... आता लाज वाटत नाही. हात भरून येतो. गवत वाऱ्याने हलतं, तेवढंच.

त्या दिवशी काय झालं, मला खरंच माहीत नाही. कोणाला अर्थ लागला तर सांगा. घरी गेलो की आई विचारते, "आली का रं?"

मी सांगतो, आज लेट आहे.