श्रीपादरावांची हॅवरसॅक

"माणसापाशी पाठीवर मावेल एवढंच असावं," हे श्रीपादराव दिवसातून चार वेळा म्हणत. त्यांच्या पाठीवर जुन्या बाजारातून आणलेली लष्करी हॅवरसॅक होती आणि तिच्यात दोन सदरे, एक दुर्बीण आणि त्यांच्या चिंतनाची वही मावत असे. स्टोव्ह, तांदूळ, भांडी आणि अंथरुणं सुमतीबाईंच्या पाठीवर मावत.

पासष्ट-सहासष्टची गोष्ट असेल. मी कामशेतला नुकताच मास्तर म्हणून लागलो होतो. हे पुण्याचं नवरा-बायकोचं जोडपं लोणावळ्याहून कार्ल्याची लेणी बघत पायी हिंडत आलं आणि "चार दिवस निवांत राहू" म्हणून आमच्या नदीकडच्या पडवीत उतरलं. पडवीसमोर आमचं भाताचं खाचर, खाचराच्या बांधाखाली इंद्रायणी. ही जागा देखणी आहे हे श्रीपादरावांनी इतक्या वेळा सांगितलं की मला त्या जागेचाच कंटाळा आला.

त्यांचं निवांत राहणं म्हणजे पडवीत पाय पसरून "सुमती, चहा" म्हणायचं आणि चहा पिऊन झाला की आमच्या आईला उपदेश करायचा. आई कमरेत वाकून भाताची रोपं उपटत असे आणि हे बांधावरून सांगत, "मावशी, तुम्ही निसर्गाच्या कुशीत राहता. किती भाग्यवान!"

"काय म्हन्तोय ह्यो?" आईनं मला विचारलं.

"आपलं बरं चाललंय म्हणतायत."

"मग इकडं यिऊन वाकून बग म्हनावं."

पाहुणा आहे म्हणून मी तोंड मिटून होतो, इतकंच. मला तो माणूस पहिल्या दिवसापासून आवडला नव्हता.

त्या आषाढात पावसानं आठ दिवस दडी मारली होती. चिखलणी करून ठेवलेल्या खाचरात होतं तेवढंच पाणी. ते गेलं तर चिखल घट्ट बसणार, उपटलेली रोपं वाळणार आणि आमचा वर्षाचा भात बुडणार. दुसऱ्या दिवशी लावणी धरली होती. दुपारी मी आणि आई लावणीला माणसं सांगायला वरच्या वाडीत गेलो. परत आलो तर बांध हातभर फोडलेला, पाणी धो धो नदीत पडत होतं, आणि श्रीपादराव हातात आमचंच फावडं धरून, नदीवरून धुणं धुऊन येणाऱ्या सुमतीबाईंना सांगत होते, "बघ, तुझ्यासाठी धबधबा केला."

आई पदर खोचून खाचरात उतरली. ती ढेकळं घालायची, मी दगड लावायचो, आणि पाणी दोन्ही घेऊन जायचं.

"पाणी अडवू नये, मावशी," श्रीपादराव म्हणाले. "ते वाहण्यासाठीच असतं."

सुमतीबाईंनी धुण्याचा पिळा पायरीवर ठेवला. आत गेल्या आणि नवऱ्याची भरलेली हॅवरसॅक घेऊन आल्या. साडी वर खोचून त्या चिखलात उतरल्या, सॅक त्या भगदाडात कोंबली आणि तिच्यावर दोन्ही पाय रोवून उभ्या राहिल्या.

"घाला आता माती, मावशी."

"पावन्यांचं सामान हाय न्हवं त्यात?"

"आहे. घाला तुम्ही."

"सुमती, माझी वही," एवढंच श्रीपादराव म्हणाले. फावडं त्यांच्याच हातात होतं. ते मला ओढून घ्यावं लागलं.

निम्मं पाणी वाचलं. दुसऱ्या दिवशी लावणी झाली. सुमतीबाई दिवसभर बायकांच्या रांगेत होत्या आणि श्रीपादराव पडवीत चहाची वाट बघत होते. निघताना एकच पिशवी उरली होती, स्टोव्हची. सुमतीबाईंनी ती नवऱ्यापुढे ठेवली. "मावेल पाठीवर," म्हणाल्या. स्टेशनापर्यंत मी त्यांच्यामागून चालत गेलो. स्टोव्ह श्रीपादरावांच्या पाठीला टोचत होता आणि मला ते बघून फार बरं वाटत होतं. त्याची लाज मला आजही वाटत नाही.

पंधरा दिवसांनी श्रीपादरावांचं कार्ड आलं. तुमच्या साध्याभोळ्या जगात मन रमलं, वगैरे. पुढे मुद्दा होता: तशी सॅक आता मिळत नाही, तरी बांधातून काढून टपालानं पाठवावी. खाली भलीमोठी सही. सहीच्या खाली, कडेला, दुसऱ्या शाईत बारीक अक्षर होतं: "भात निघेपर्यंत हलवू नका. नंतरही नको."

मी आईला वाचून दाखवलं.

"शेवटचं बाईनं लिवलंय व्हय?"

"हो."

आई उठली, घमेलं घेतलं आणि बांधावर आणखी माती टाकून आली.