बारा गाणी, शेवटचं कडवं सोडून

माझा बाबूलालमामा जेवायला बसला की आधी ताटाकडे नाही, दाराकडे बघायचा. कोण आलं, कामून आलं, किती वेळ उभं होतं, हे कळल्याशिवाय त्याच्या तोंडात घास जात नसे. पेशानं तो गवंडी. राजेश्वरातल्या निम्म्या भिंती त्याच्या हातच्या. पण आसपासच्या तालुक्यांत त्याचं नाव झालं ते गाण्यांमुळं. छप्पन साली आमच्या वस्तीनं धम्म घेतला, त्याच साली आमचा जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, आणि त्याच साली मामानं पहिलं गाणं बांधलं. त्याला लिहिता-वाचता चांगलं येत होतं. तरी त्यानं आयुष्यात एकही गाणं कागदावर उतरवलं नाही. कागद कुणाच्याही हाती लागतो, असं त्याचं म्हणणं.

संशयाला कारण घडलं होतं, हे मात्र कबूल करायला हवं. आमच्याकडे गाणं बांधणारा शेवटच्या कडव्यात स्वतःचं नाव गुंफतो. तीच त्याची सही. बासष्ट साली मामा उदगीरला एका कार्यक्रमाला गेला, तर मंचावर त्याचंच गाणं चाललेलं. चाल तीच, शब्द तेच, फक्त शेवटच्या कडव्यात नाव भलत्याचंच! मामा चार दिवस कामावर गेला नाही. पाचव्या दिवशी त्यानं जाहीर केलं की यापुढं शेवटचं कडवं बाहेर म्हणायचंच नाही.

"शेपूट माझ्यापाशी असल्यावर चोर मुंडकं घेऊन काय करंल?" तो म्हणायचा.

मी तेव्हा लहान होतो. मला ते फार हुशारीचं वाटलं.

नवं गाणं झालं की मामा घराला आतून कडी लावायचा आणि भाकरी थापत बसलेल्या विमलमामीला ते एकदा, फार तर दोनदा, पूर्ण म्हणून दाखवायचा. बाहेर मात्र शेवटाच्या अलीकडंच थांबायचा. पेटी वाजवणाऱ्या व्यंकटकाकालाही त्यानं शेवटचं कडवं कधी सांगितलं नाही. हा व्यंकटकाका मूळचा मादन हिप्परग्याचा, कामासाठी राजेश्वरात राहिलेला. पंचवीस वर्षं मामाच्या मागं बसून पेटी वाजवली, पण कधी एक प्रश्न विचारला नाही. मामाला त्याचाच जास्त संशय. न विचारणारा माणूस ऐकत असतो, म्हणे!

सत्त्याऐंशी साली हुमनाबादच्या अण्णारावांनी निरोप धाडला. त्यांचं कॅसेटचं दुकान होतं, मागच्या खोलीत भिंतींना गाद्या लावून रेकॉर्डिंगची सोय केलेली. त्यांना मामाची सगळ्यात गाजलेली बारा गाणी एका कॅसेटमध्ये हवी होती. लोक मागायलेत, ते म्हणाले. मामा आठवडाभर विचार करत होता की ह्यात अण्णारावांचा डाव काय असावा. शेवटी विमलमामीनं त्याला धुतलेलं धोतर दिलं आणि घराबाहेर काढलं.

मीही सोबत गेलो होतो. पहिलंच गाणं 'रिकामी घागर', उदगीरच्या प्रसंगानंतर लगेच बांधलेलं. पाटलाच्या विहिरीवरून हाकललेली आई रिकामी घागर घेऊन उन्हातून परत येते, असं ते गाणं. त्याच्याशिवाय एक कार्यक्रम पुरा होत नसे. मामानं ते जीव ओतून म्हटलं आणि नेहमीच्या ठिकाणी थांबला.

"शेवटचं कडवं?" अण्णारावांनी विचारलं.

"एवढंच हाय गाणं," मामा म्हणाला.

व्यंकटकाकानं पेटीवरून मान वर करून त्याच्याकडे पाहिलं आणि पुन्हा खाली घातली. बाराही गाणी तशीच भरली गेली. वरच्या कागदावर मामाचा फोटो आणि ठसठशीत अक्षरात 'बाबूलाल यांची निवडक गाणी'. मामानं ती कॅसेट ट्रंकेत ठेवली आणि ट्रंकेला कुलूप लावलं.

कुलपानं काय होतं? वर्षभरात त्या कॅसेटच्या नकला गावोगाव गेल्या. एका टेपवरून दुसऱ्यावर, तिथून तिसऱ्यावर. फोटोचा कागद काही कुणी नकलून घेत नाही. मामा कडगंचीला एका लग्नाला गेला, तिथं भोंग्यावर त्याचाच आवाज चाललेला. कॅसेटवर नुसतं पेनानं 'गाणी' लिहिलेलं. कुणाची म्हणून विचारलं तर टेपवाला म्हणाला, "जुनी हायत, कुणाची म्हणून न्हाईत."

मामा मुक्काम न करता तसाच माघारी फिरला. मी बरोबर होतो. घरी पोचलो तर भिंतीला व्यंकटकाकाची सायकल टेकलेली. आत मामी हळू आवाजात काही गुणगुणत होती. आमची चाहूल लागताच दोघं गप्प झाले.

"काय चाललंय?"

"काई न्हाई. च्या प्यायलो," व्यंकटकाका म्हणाला. चहाचा कप कुठंच दिसत नव्हता.

"माझी गाणी इकायलास तू!" मामा ओरडला. "माझ्या माघारी घरात येतोस कामून? इतक्या दिवसाचा डूख हाय तुझा!"

व्यंकटकाकानं पायात चपला घातल्या. सायकल घेतली आणि त्याच आठवड्यात बिऱ्हाड उचलून मादन हिप्परग्याला गेला. खरं सांगतो, मलाही तेव्हा त्याचाच संशय आला होता. हे लिहिताना लाज वाटते.

नव्वद सालची जयंती. वस्तीत मोठा मांडव पडला होता. बाहेरगावची एक गायन पार्टी आली, त्यांचा म्होरक्या नरसिंग नावाचा तरणाबांड गायक. त्यानं 'रिकामी घागर' उचललं आणि सुरेख म्हटलं. शेवटी एक जादा कडवं आलं, आणि त्यात नाव नरसिंगचं.

मामा उभा राहिला. "गाणं माझं हाय!"

नरसिंग उद्धट नव्हता. हात जोडून म्हणाला, "बाबा, मी कॅसेटवरून शिकलो. त्यात कुणाचं नावच न्हवतं. गाण्याला शेवट न्हाई म्हणून मी जोडलो. तुमचं असंल तर तुमच्या नावाचं कडवं म्हणा. आमी उद्यापासून तेच म्हणू."

मामा माइकपाशी गेला. त्यानं पहिल्यापासून सुरुवात केली. गाण्यातली आई उन्हातून आली, उंबऱ्यापाशी टेकली, आणि मामा थांबला. पुन्हा मागच्या ओळीवरून आला, पुन्हा तिथंच थांबला. तिसऱ्यांदा तेच. अठ्ठावीस वर्षं त्याच्या जिभेला तिथं थांबायचीच सवय. पुढचे शब्द येईनात. कपाळावरून घाम गळत होता. मागून बाहेरगावचं कुणीतरी म्हणालं, "म्हाताऱ्याचं न्हाई हे."

तेवढ्यात मांडवाच्या टोकाकडून, पेटीशिवाय, आवाज आला:

"बाबूलाल सांगे, आई, विहीर आपली खणली,
पहिल्या पोहऱ्याची घागर तुझ्या दारी आणली."

व्यंकटकाका होता. जयंतीला आलेला, सगळ्यात मागं बसलेला. इतकी वर्षं ज्या गाण्यावर बायका रडत आल्या होत्या, त्यातल्या आईची घागर त्या दिवशी पहिल्यांदा भरली. नरसिंगनं खिशातून वही काढली, स्वतःच्या नावावर काट मारली आणि वर बाबूलाल लिहिलं.

मामा खाली उतरला तो थेट व्यंकटकाकापाशी. आभार वगैरे काही नाही.

"हे तुला कुटून ठाऊक?"

"वयनीनं शिकवलं. तुमी गावाला गेलाव की मी यायचो, दादा."

"म्हंजे चोरलासच की!"

"व्हय. चोरलो."

"मी दिले शब्द," विमलमामी मधे पडली. "तुमच्यासंगं मातीत जातील म्हणून दिले. काय करायचं ते करा."

मामानं पंचा खांद्यावर टाकला. दोघांना घेऊन घरी आला, अंगणात घोंगडी टाकली आणि म्हणाला, "बाकीची अकरा म्हण."

व्यंकटकाका एकेक कडवं म्हणू लागला. मामा डोळे मिटून बसला, अंगठा बोटांच्या पेरांवर सरकवत, पहिलं पेर 'रिकामी घागर'चं धरून. प्रत्येक कडव्यात नाव यायच्या ठिकाणी त्याचा चेहरा ताठ व्हायचा. मला कळत होतं, आता कुणाचं नाव निघतं हेच तो ऐकतोय. अजूनही! मला त्याचा संतापही आला आणि कीवही आली. अंगठा करंगळीच्या शेवटच्या पेरावर आला. बाराही कडव्यांत बाबूलालच होता.

मामानं पंच्यानं तोंड झाकलं आणि लहान मुलासारखा रडला. मग मामीला दोन ताटं वाढायला सांगितली. त्या दिवशी दार उघडंच होतं, आणि जेवताना मामानं तिकडं एकदाही पाहिलं नाही.