फळीवरची डिझेलची बाटली

माझ्या आलूबोंड्याच्या दुकानात आला की तो आधी जळक्या तेलाच्या डब्यात बोट बुडवायचा. तेल चिमटीत चोळायचा, वास घ्यायचा आणि म्हणायचा, "हे आता गाडीच्या पोटात, भाऊ. माणसाच्या नाही." मग पिशवीतल्या बाटलीतलं थोडं डिझेल डब्यात ओतायचा. डिझेल पडलं की त्या तेलात पुन्हा कोणी काही तळू शकत नाही.

उमरेड रोडवर तुम्हीही त्याला पाहिलं असेल. मोपेडला दोन्ही बाजूंनी डबे आणि अंगाला कायमचा तळणाचा वास. दुकानादुकानातलं तेल गोळा करून तो बायोडिझेलच्या एका लहानशा कारखान्याला द्यायचा. डिझेल ओतायला त्याला कोणी सांगितलं नव्हतं. एकदा मी छेडलं, की हा कसला नैवेद्य दाखवतोस?

"मलेच लालच सुटू नये म्हून," तो म्हणाला. मी तेव्हा हसलो होतो.

मग कारखान्याला लागणारी रसायनं महागली आणि त्यांनी तेलाचा भाव उतरवला. त्याच सुमारास इस्त्रीच्या शर्टातला एक नवा माणूस आला. भाव जवळजवळ दुप्पट, अट एकच, डब्यात डिझेल नको. तेल कुठे जाणार, ते मी विचारलं नाही. खरं सांगायचं तर मुद्दामच विचारलं नाही.

पुढच्या खेपेला रिकामा डबा पाहून मोपेडवाला भांडेल असं वाटलं होतं. तो बाकावर बसून पाणी प्यायला. मी चाचरत भावाचं सांगितलं.

"एवढ्या भावात गाडीचं तेल बनतच नाही गा," तो हळूच म्हणाला. "एवढा भाव फक्त पोटच देते."

जाताना त्याने बाटली माझ्या फळीवर ठेवली. "मन बदललं तर लागन."

एकेक करत सगळ्याच दुकानांनी त्याला नाही म्हटलं. कारखान्याला कुलूप लागलं. त्याचा फोन आता लागत नाही. त्याची आठवण आली की मला लाज वाटते.

गेल्या महिन्यात तो इस्त्रीच्या शर्टातला माणूस परत आला, या वेळी तेल विकायला. स्वच्छ, पिवळं आणि बाजारापेक्षा स्वस्त. मी दोन डबे घेतले. सकाळी पहिला डबा फोडला आणि नकळत बोट बुडवलं, चोळलं, वास घेतला. वासाच्या तळाशी कुठेतरी जुनं तळण होतं, मसाला आणि जळका लसूण.

बाटली फळीवरच होती, हात पोचेल एवढ्यावर. गिऱ्हाईक खोळंबलं होतं. मी कढई भरली.

आलूबोंडे नेहमीसारखेच खपले.