मे महिन्यातला मखमली कोट

इस्तंबूलला जायचं ठरलं तेव्हा बडोद्यातच अलकापुरीला राहणाऱ्या माझ्या नणंदेने यादी पाठवली: रंगीत काचेचा झुंबरासारखा दिवा, चहाचे बारा ग्लास, मिठाईचे सहा डबे, अंजिरं. माझ्या यजमानांनी ती यादी पाकिटात जपून ठेवली आणि पहिले तीन दिवस आम्ही तेवढीच खरेदी केली. फतेगंजच्या शाळेत सव्वीस वर्षं मुलांना गप्प बसवणारी बाई मी, घरात मात्र मीच गप्प बसत आले.

चौथ्या दिवशी ते हॉटेलवर झोपले होते आणि मी एकटीच बाहेर पडले. एका उताराच्या गल्लीत जुन्या कपड्यांचं दुकान होतं. तिथे मला तो कोट दिसला. बाटलीच्या काचेसारखा हिरवा, मखमली, आणि पितळेची बटणं माशांच्या आकाराची. दुकानातली म्हातारी आणि मी, एकमेकींची भाषा दोघींनाही येत नव्हती. तिने तोंडात टाचण्या धरून बाह्या मापल्या, तिथेच बसून आखूड करून दिल्या, आणि मला आरशापुढे उभं करून माझ्या पाठीवर थाप मारली. आरशातली बाई मला आवडली. स्वतःबद्दल असं कधी वाटलं होतं, ते आठवेना.

परतताना विमानतळावर सामान चार किलो जास्त भरलं. यजमानांनी काउंटरसमोरच बॅग उघडली. दिवा काढला नाही, ग्लास नाहीत, मिठाई नाही. त्यांनी सरळ माझा कोट काढला आणि शेजारच्या कचऱ्याच्या डब्यावर ठेवला.

"अहो, काय करताय?"

"कुणाचा तरी उतरवलेला कोट आहे. बडोद्यात कुठे घालणार आहेस?"

"मग दिवा ठेवा ना तिथे."

"वेडी आहेस का? ताईने सांगून मागवलाय तो."

मागच्या रांगेतले लोक बघत होते. माझे कान तापले. मी डब्यावरून कोट उचलला, झटकला आणि अंगात घातला. उरलेल्या जादा वजनाचं त्यांनी काय केलं ते मी विचारलं नाही.

मुंबईला उतरलो तेव्हा अंगाची लाही होत होती. पुढे गाडीने बडोदे. मी कोट काढला नाही. घाम पाठीवरून ओघळत होता, आणि ते दर अर्ध्या तासाने म्हणत होते, "बास झालं आता, काढ तो." वाटेत करजणला चहाला थांबलो तर टपरीवाले काका काळजीने म्हणाले, "बेन, ताव आव्यो छे?" ताप आलाय का, म्हणून विचारत होते.

"ना काका, गुस्सो आव्यो छे," मी म्हटलं. ते यजमानांकडे बघून हसले. यजमान हसले नाहीत.

पुढच्या रविवारी नणंदेकडे जेवायला गेलो. दिवा छताला टांगलेला होता. जेवताना यजमानांनी किस्सा रंगवायला घेतला. "आणि ही बया, मे महिन्यात, मुंबईपासून घरापर्यंत मखमली कोट घालून!" सगळे खदखदून हसले. नणंदेला तर ठसका लागला.

माझ्या हातातला घास तसाच राहिला. त्यांनी कोट बॅगेतून काढून टाकला त्या दिवसापेक्षा जास्त संताप मला त्या हसण्याचा आला, कारण त्यात मी एक विक्षिप्त बाई होते आणि त्यांनी काहीच केलं नव्हतं.

"तो मी का घातला होता, तेही सांगा," मी म्हटलं.

"जाऊ दे ना आता."

"नाही. तुम्ही तो कुठे ठेवला होता, ते सांगा."

नणंद एकदा माझ्याकडे, एकदा भावाकडे बघत होती. शेवटी ते ताटाकडे बघत पुटपुटले, "कचऱ्याच्या डब्यावर."

"काय?" नणंद म्हणाली. "माझ्या ग्लासांसाठी?"

नणंद मला भात वाढायला उठली. माझा राग तेवढ्याने गेला नाही, अजूनही गेलेला नाही. पण त्या दुपारी मी पोटभर जेवले.