सुटकेसमधला वॉशर

अमेरिकेतल्या नेपरव्हिलच्या राजाराम काकांच्या गॅरेजमध्ये गाडी नाही, हापसा आहे. निळ्या पिंपात पाय सोडून उभा. शोभना काकूंची गाडी बाहेर बर्फ पांघरून असते. "सवत आत, मी बाहेर," असं काकू येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात.

काकांनी चौतीस वर्षं पंप डिझाइन केले. रिटायर झाल्यावर तिथल्या मराठी मंडळातल्या काही जणांना जमवून त्यांनी आफ्रिकेतल्या मलावी देशात, एका खेड्यातल्या शाळेच्या आवारात, बोअर खोदवून हापसा बसवला. दोन महिने तिथे राहून चिसोमो नावाच्या बाईला तो खोलायला, जोडायला शिकवलं. हापशाच्या पोटात रबराचा एक वॉशर असतो, तळहातात मावेल एवढा. तो वर्षभरात झिजतो आणि पाणी वर येईनासं होतं. त्या चकतीवर गावाचं पिणं आणि शाळेचे संडास चालतात.

वॉशर काका पाठवत. पोस्टाने नाही. आपल्या माणसांच्या वस्तू कोणाच्या तरी सुटकेसमधून जातात. पुण्याहून गोडा मसाला येतो, तसा इथून मलावीला वॉशर जाई. नोव्हेंबर लागला की काका विचारायला लागत, "कोणी जातंय का?" बहुतेक वेळा डॉक्टर सुचित्रा जायची. ती दर जानेवारीत तिथल्या दवाखान्यात काम करते.

यंदा तिचा फोन आला. "काका, सॉरी, ट्रिप कॅन्सल केली. आईचं ऑपरेशन आहे."

मलावीतला हापसा तेव्हा नऊ दिवस बंद होता. बायका पुन्हा ओढ्यावर जात होत्या. शाळेच्या संडासांना कुलूप लागलं होतं आणि मोठ्या मुली घरी बसल्या होत्या. काका गॅरेजमध्ये जाऊन दांडा मारत राहिले. पिंपातलं पाणी वर यायचं आणि पिंपातच पडायचं.

"मीच जातो," ते म्हणाले.

"जा ना. आधी गुडघ्यांचे वॉशर बदलून घ्या," काकू म्हणाल्या.

दोन दिवसांनी, सकाळी आठ वाजता, ते तिकीट शोधत असताना चिसोमोचा व्हिडिओ कॉल आला. तिकडे दुपार कलली होती. तिच्या मागे एक मुलगी दांडा मारत होती आणि बादलीत पाणी पडत होतं.

"वॉशर कुठून आणलास?" काकांनी विचारलं.

"तालुक्याच्या दुकानातून, बाम्बो." बाम्बो म्हणजे तिकडचं बाबा.

"तिथे मिळतो?"

"पहिल्यापासून."

काकांनी तिकिटाचं पान मिटलं. "मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"तुम्ही इतक्या लांबून पाठवायचात. दारात आलेली भेट नको कसं म्हणणार? गावच्या पाणी कमिटीने ठरवलं होतं, बाम्बोंचा वॉशर येईपर्यंत थांबायचं. पण या वेळी मुलींचं बघवेना."

सहा वर्षं. दर वर्षी आठ-दहा दिवस बायका ओढ्यावर चालत गेल्या होत्या, काकांचं मन राखायला. काकांनी खिडकीबाहेर पाहिलं. बर्फ कोणाचीही वाट न बघता पडत होता.

"बसवायला किती वेळ लागला?"

"चाळीस मिनिटं. आम्ही तिघी होतो."

"मला दोन तास लागायचे."

"माहीत आहे," चिसोमो म्हणाली. "आम्ही उन्हात उभ्या असायचो."

मागून काकू मोठ्याने हसल्या. मग काकाही हसले, आधी कसनुसे, नंतर मोकळे. गावाचं पाणी त्यांच्याशिवाय वर येत होतं. हापसा बसवताना त्यांना हेच हवं होतं. मधे कुठेतरी ते विसरले होते.

"एक काम आहे," चिसोमो म्हणाली. "सांडलेलं पाणी हापशाच्या ओट्याजवळ साचतं. डास होतात. ते शाळेच्या केळींकडे वळवायचंय. नकाशा काढून द्याल?"

काकांनी कागद पुढे ओढला. पेन्सिल टेकवली, अर्धवट रेघ ओढली आणि थांबले. गॅरेजमध्ये उरलेला पाइप आहे, एवढं ओठांवर आलं होतं. ते त्यांनी गिळलं.

"आधी सांग," ते म्हणाले, "तुमच्या दुकानात काय काय मिळतं?"

"सिमेंट मिळतं. विटा आम्हीच भाजतो."

"लिहून घेतो," काका म्हणाले. "सावकाश सांग."