मढच्या धक्क्यावर राहिलेला तांडेल

नारळी पौर्णिमेला ये, असं हिरा दर वर्षी म्हणायची. दहावीपर्यंत आम्ही एका बाकावर. नंतर ती मढला कोळ्याघरी गेली, मी घाटकोपरला आले. यंदा ह्यांना म्हटलं, "समुद्राला नारळ वाहायचाच, तर ज्यांचं पोट समुद्रावर आहे त्यांच्या घरून वाहू." आणि एकटीच निघाले.

वाट सोपी आहे. घाटकोपरहून मेट्रोनं वर्सोवा, शेअर रिक्षानं जेट्टी, मग खाडी ओलांडायला फेरीबोट. मालाडवरून वळसा घालून रिक्षानं जाऊ नका. फेरीचं तिकीट बसभाड्याइतकंच. डबा मात्र नेऊ नका. हिराच्या नारळाच्या करंज्यांपुढे माझ्या दशम्या तशाच परत आल्या.

संध्याकाळी बोटीची पूजा. हिराचा नवरा जनार्दन बोटीचा तांडेल, म्हणजे समुद्रावर त्याचा शब्द शेवटचा. जाळं, कागदपत्रं, बोटीवरच्या पाचही जणांची ओळखपत्रं देवीपुढे मांडली होती. कुंकू लावायचा मान मला मिळाला. पाण्यात कालवून सगळ्यांना लावलं. तांडेलाच्या कार्डाला जरा जास्तच, मुख्य माणूस म्हणून.

सकाळी मोसमातली पहिली फेरी. बर्फ, डिझेल भरून झालं. धक्क्यावर सागरी पोलिसातल्या एक मॅडम कार्डं मोबाइलवर तपासत होत्या. चार पटापट लागली. जनार्दन भावोजींचं लागेना. त्यावरच्या ठिपक्यांच्या चौकोनावर माझं कुंकू वाळून बसलं होतं. ओला पदर झाला, खोबरेल झालं. शेवटी रंग निघाला तो ठिपके घेऊनच.

"काय गो हे केलंस!" हिरा ओरडली.

मी पुढे झाले. "मॅडम, चूक माझी. पण तुम्ही ह्यांना रोज बघता ना?"

"मी बघते, ताई. आत समुद्रात गस्तीवर असणारे ओळखतात का? वाईट माणूस नवी बोट घेऊन येत नाही, तुमच्यातलीच पळवतो. मोठ्या जहाजांची वाट इथून लांब नाही."

मला हे कधी सुचलंच नव्हतं. घराच्या दाराला कडी लावतो तशी समुद्राला लावता येत नाही, म्हणून माणसंच मोजायची. बोटींना राज्याचा ठरलेला रंग का, तेही मी विचारून घेतलं. लांबून कळावं म्हणून.

"ही बघ, चौकशा करतेय!" हिरा करवादली. "इथे ओहोटी लागतेय."

पाणी उतरलं की बोट गाळात बसणार. भावोजींनी एकदा माझ्याकडे, एकदा पाण्याकडे बघितलं आणि सुकाणू धाकट्या भावाच्या, वसंताच्या हाती दिलं.

"जहाजांच्या वाटेत जाळं टाकू नको रे!" ते काठाकाठानं चालत ओरडत राहिले. "ऐकतोस ना?"

"ऐकलं दादा, दहांदा ऐकलं!"

इंजिनाच्या आवाजात पुढचं बुडालं. भावोजी चिखलात घोटाभर उभे. मी माफी मागितली. म्हणाले, "देवीचंच कुंकू ना, वैनी. पण पहिल्या फेरीला मी काठावर कधी नव्हतो."

तिसऱ्या दिवशी हिराचा फोन आला. बोट सुखरूप आली, जाळी भरून. नवं कार्ड यायला मात्र वेळ होता.

"वसंताची फेरी झकास झाली ना? तेच ह्यांना खुपतंय," ती म्हणाली. "दिवसभर खिडकीत बसून बोटी मोजतात आणि माझं डोकं खातात."

त्या संध्याकाळी देवापुढे दिवा लावताना समुद्रावर जाणाऱ्या चौघांची नावं घेतली. मग थांबून पाचवं हिराचं घेतलं.